अधिकार उतरवताना

महादेवीला न्यायला सायकल यायची, आणि सायकलवर मिलचा शिपाई कल्लप्पा. साखर पेठेतल्या त्या बोळात घंटी वाजली की खालच्या मजल्यावरचे माग थांबायचे, घरमालकीण नागम्मा दारातून डोकावायची आणि वर बघून तेलुगूत काहीतरी म्हणायची. तुझं बोलावणं आलं, एवढा त्याचा अर्थ महादेवीला सवयीने कळायला लागला होता. ती चष्मा पुसायची, पदर खोचायची आणि जिना उतरायची. तोवर कल्लप्पाने कोपऱ्यावरचा टांगा ठरवलेला असायचा. मग ती टांग्यात आणि तो शेजारून सायकल हाणत, अशी दोघं अक्कलकोट रोडवरच्या मिलकडे निघायची.

सत्त्याहत्तर सालची ही गोष्ट. त्या मिलने कॉम्प्युटर घेतला होता. हैदराबादहून ट्रक आला तेव्हा फाटकात कुणी नारळ फोडला, कुणी चाकांवर पाणी घातलं, आणि युनियनच्या लोकांनी लांब उभं राहून तोंडं वाकडी केली. हे यंत्र कुणाच्या पोटावर पाय देणार नाही, नुसती हजेरी आणि स्टोअरचा माल सांभाळणार, असं मॅनेजर वीरभद्रप्पासाहेबांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. कापसाच्या जुन्या गोदामाचा एक कोपरा भिंत घालून वेगळा काढला, त्यात गार हवेचं मशीन बसवलं, आणि बाहेर पाटी लावली, चपला काढून आत यावे. सोलापूरच्या वैशाखात त्या खोलीत घटकाभर उभं राहायला मिळावं म्हणून फोरमनसुद्धा काही ना काही निमित्त काढून यायचे. पहिल्या उन्हाळ्यात आले. पुढे त्यांची हौस फिटली.

त्या खोलीत दिवसभर बसणारी महादेवी एकटीच. अक्कलकोटच्या बाजूच्या एका खेड्यातली, लिंगायत घरातली. धारवाडला गणितात एम. एस्सी. केलं, मग हैदराबादला कॉम्प्युटरची नोकरी. लग्नाचं दोनदा जमता जमता राहिलं, मग घरात तो विषय निघेनासा झाला. सोलापूरच्या मिलला यंत्र जाणणारं माणूस हवंय म्हटल्यावर ती लगेच हो म्हणाली, घराजवळ जायला मिळेल म्हणून. पण ती यायच्या आतच आई गेली होती, तिच्या मागोमाग वडीलही गेले, आणि भावाने जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं होतं. गाव जवळ आलं, घर मात्र होतं तिथून उठून गेलं.

कॉम्प्युटर म्हणजे नुसतं लोखंड. त्याच्या पोटात एका वेळी चार-पाच कामं चाललेली असतात. कुणाला किती वेळ द्यायचा, कुणी कुठल्या फायलीला हात लावायचा आणि कुणी लावायचा नाही, हे बघणारा एक मोठा प्रोग्रॅम आत सतत जागा असतो. पुस्तकात त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. महादेवी मनातल्या मनात त्याला कारभारी म्हणायची. टेलिप्रिंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला कारभाऱ्याने एक नंबर दिलेला होता. टाईम ऑफिसमधला हजेरी कारकून बाळासो, त्याचा एक, स्टोअरचा एक, पगार खात्याचा एक. ज्याचा नंबर त्याने आपल्या फायली बघाव्यात, दुसऱ्याच्या नाहीत. या सगळ्यांच्या वर एक मुख्य नंबर होता, त्याला कुठलंच दार बंद नव्हतं. तो नंबर महादेवीचा, आणि त्याचा गुप्त शब्द तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हता.

अडचण इथेच होती. पाळी सुटली की त्या पाळीची हजेरी मुख्य फायलीत चढवायची, आणि मुख्य फायलीत लिहायचा हक्क फक्त मुख्य नंबराला. बाळासो सगळी तयारी करून ठेवायचा, पण शेवटचा हात महादेवीने फिरवल्याशिवाय गाडी पुढे जायची नाही. कार्ड चुकलं, नाव दुरुस्त करायचं, बदली कामगार घ्यायचा, की लागलीच कल्लप्पा सायकलवर टांग टाकायचा. रविवार नाही, सण नाही. एकदा ती सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत एकटीच हिंडत होती, तर एवढ्या गर्दीत पाळण्याखाली कल्लप्पा हजर. म्हणाला, "बाई, चला. मशीन अडलंय न्हवं."

महादेवी चिडायची, कुरकुरायची. पण खरं सांगायचं तर दिवसभरात तिच्याशी धड बोलणारं माणूस म्हणजे तो कल्लप्पाच. निवृत्तीला टेकलेला, खाकी कपड्यातला, होटगीहून पॅसेंजरने ये-जा करणारा. ती कानडी बोलते हे कळल्यापासून त्याच्या जिभेचा लगाम सुटला होता. टांग्याच्या चाकाशेजारून सायकल चालवत तो अर्धं कानडीत, अर्धं मराठीत बोलत राहायचा. त्याची बायको शिवबाई, तिचे दुखरे गुडघे, जेऊरला दिलेली लेक, लेकीची सासू, होटगी स्टेशनवरचे हमाल. महादेवीने त्यातलं एकही माणूस पाहिलं नव्हतं, पण कुणाचं कुणाशी बिनसलंय हे तिला पाठ होतं. ती आत काम करायची तोवर तो काचेच्या दाराबाहेर स्टुलावर बसून राहायचा, आणि काम उरकलं की किटलीतून चहा आणायचा. त्या वेळी हे सगळं तिच्या लक्षात आलं नव्हतं. माणसाला सोबत आहे हे सोबत असताना कळतंच असं नाही.

एका सोमवारी तिने वीरभद्रप्पासाहेबांकडे गाऱ्हाणं घातलं. दोन वर्षांत मला गावाला जाऊन राहता आलेलं नाही, म्हणाली. साहेब म्हणाले, मग तुमचा तो गुप्त शब्द बाळासोला देऊन टाका. ती म्हणाली, बाळासो सज्जन आहे, पण त्या शब्दानिशी त्याचं एक बटण चुकलं तर अख्खी मिल पुसली जाईल. साहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात. याच्या मधलं काहीतरी काढा."

मधलं काहीतरी. ती घरी आली, हैदराबादहून आणलेला कारभाऱ्याच्या प्रोग्रॅमचा छापील गठ्ठा ट्रंकेतून बाहेर काढला आणि खाटेवर पसरला. ओळीमागून ओळ वाचता वाचता तिला दिसायला लागलं की चूक माणसाला अधिकार देण्यात आहे. अधिकार कामाला द्यावा. हजेरी चढवणारा प्रोग्रॅम तिने स्वतः लिहिला होता, त्यावर तिचा भरवसा होता. तो प्रोग्रॅम बाळासोने सुरू केला तरी तेवढ्यापुरता तो तिच्या नंबरावर चालला, आणि लिहून झाल्याबरोबर पुन्हा बाळासोच्या नंबरावर आला, तर तिला टांग्यात बसायची गरजच उरणार नव्हती.

पण कारभाऱ्याकडे प्रत्येक चालत्या प्रोग्रॅमच्या नावे एकच नंबर होता. तिने दोन करायचे ठरवले. एक, कुणी सुरू केला त्याचा. दुसरा, आत्ता कुणाच्या हक्कावर चाललाय त्याचा. आणि हे नंबर हलवायला तीन छोटी फंक्शन्स, म्हणजे एकेकच काम करणारे प्रोग्रॅमचे तुकडे. पहिलं अधिकार चढवणारं, आणि तेही ज्या प्रोग्रॅमवर तिने स्वतः शिक्का मारलाय त्यालाच. दुसरं तो उतरवणारं. तिसरं तो कायमचा टाकून देणारं, म्हणजे पुन्हा मागितला तरी कारभाऱ्याने नाही म्हणायचं.

बाळासोच्या कानावर हे गेलं तेव्हा त्याने विचारलं, बाई, फंक्शन कधी हाय, पेढे सांगू का? ती हसली आणि त्याला समजावू लागली. त्याने दोन वाक्यं ऐकून मान डोलावली, मग घड्याळाकडे बघितलं. तिनेही आवरतं घेतलं.

पावसाळाभर ती त्यात गुंतली. दिवसा मिलचं काम, उरलेल्या वेळात ही तीन फंक्शन्स. कागदावर पेन्सिलीने लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. कुठे अडलं तर विचारावं असं माणूस हैदराबादच्या अलीकडे नव्हतं, आणि ट्रंक कॉल लावला तर लागेपर्यंत प्रश्नच विसरायची पाळी यायची. शेवटी एका संध्याकाळी तिने बाळासोच्या नंबरावरून चाचणी घेतली. टेलिप्रिंटरने खडखडत तीन ओळी छापल्या. पहिली, परवानगी नाही. दुसरी, लिहिले. तिसरी, परवानगी नाही. अधिकार नव्हता, आला, काम करून गेला. ती उठली. पायात चपला नाहीत हे विसरून दार उघडून बाहेर आली. तिला हे कुणाला तरी सांगायचं होतं. बाहेर स्टुलावर कल्लप्पा पेंगत होता.

"झालं," ती म्हणाली.

"निघायचं का मग?" त्याने विचारलं आणि तो टांगा बघायला गेला.

दिवाळीनंतर तिने ती फंक्शन्स चालू केली. पहिले काही दिवस सुरळीत गेले. मग तिच्या सुट्टीच्या एका दुपारी पहिली पाळी सुटल्यावर कल्लप्पा आला तो घामाघूम होऊन. सायकलवरून उतरून त्याने नुसता टांग्याकडे हात केला. मिलवर टेलिप्रिंटरपाशी बाळासो पांढराफटक पडून बसला होता. हजेरी चढत असताना यंत्रात कागद अडकला होता. घाबरून त्याने थांबवायचं बटण दाबलं, कागद सरळ केला आणि रोजच्या सवयीने हुकूम टाईप केला, माझ्या नंबराच्या कच्च्या फायली पुसून टाक. पण ज्या क्षणी त्याने बटण दाबलं त्या क्षणी प्रोग्रॅमचा अधिकार चढलेला होता. उतरवणाऱ्या ओळीपर्यंत तो पोचलाच नाही. 'माझा नंबर' म्हणजे कारभाऱ्याने मुख्य नंबर धरला, आणि त्या दिवसाची हजेरी धुऊन निघाली.

"बाई, म्या काय न्हाय केलं," बाळासो म्हणत होता. "रोजच्यासारकंच केलं."

महादेवीने छापलेला कागद वर-खाली बघितला. तिला चूक दिसली, आणि ती बाळासोची नव्हती. तिने फक्त सरळ वाटेने जाणाऱ्या प्रोग्रॅमचा विचार केला होता. मध्येच कोसळणाऱ्याचा केला नव्हता. साहेबांना तिने तसं स्वच्छ सांगितलं. साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले, चूक कुणाचीही असो, संध्याकाळपर्यंत हजेरी उभी करा.

आदल्या दिवसापर्यंतचं सगळं टेपवर होतं. आजची कार्डं मात्र पुन्हा हातांनी घालायची होती. ढिगारा टेबलावर ओतला. बाळासो टाईप करायला बसला, महादेवी तपासायला, आणि वाचायला माणूस हवं म्हणून तिने कल्लप्पाला आत बोलावलं. तो दाराशी घुटमळला, मग वहाणा काढून, पाय पुसून आत आला. तो नंबर वाचायचा आणि नंबराबरोबर माणूसही सांगायचा. हा न्हवं का, बायकोला मारून आलता तो. हा लई चांगला गातो. ह्याला बिडी सोडायला सांगा कुणीतरी. बाळासोची भीती हळूहळू ओसरली, तोही भर घालू लागला. कुणीतरी भजी आणली. गार खोलीत तेलाचा वास भरला, आणि महादेवीने तो भरू दिला. एका कार्डावर कल्लप्पाने स्वतःचंच नाव वाचलं आणि गंभीरपणे म्हणाला, हा माणूस बरा हाय. तेव्हा ती इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

दिवेलागणीला शेवटचं कार्ड चढलं. घरी पोचल्यावर नागम्माने काही विचारलं तर महादेवीचा आवाज फुटेना. घसा बसला होता. इतकं बोलायची सवय तिला राहिली नव्हती.

चूक दुरुस्त करायला तिला फार दिवस लागले नाहीत. कुठलंही काम मध्येच थांबलं, तर टेलिप्रिंटर माणसाच्या हाती परत देण्याआधी कारभाऱ्यानेच अधिकार उतरवायचा, अशी सोय तिने केली. प्रोग्रॅमलाही नवं वळण लावलं. विचारायचं ते सगळं आधी विचारून घ्यायचं, अधिकार अगदी लिहिण्याच्या क्षणी चढवायचा, लिहून झालं की कायमचा टाकून द्यायचा. आणि टाकून दिला म्हणून भागलं असं मानायचं नाही. प्रोग्रॅमने स्वतःच कारभाऱ्याकडे तो पुन्हा मागून बघायचा. कारभाऱ्याने नाही म्हटलं तरच काम पुरं झालं. तिने बाळासोला मुद्दाम कागद अडकवायला लावला, बटण दाबायला लावलं, वेडेवाकडे हुकूम टाईप करायला लावले. कारभारी बधला नाही.

आणि सायकल यायची बंद झाली.

पहिला आठवडा तिने सुखात घालवला. उशिरा उठली, डोक्यावरून न्हाली, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी जाऊन बसली. दुसऱ्या आठवड्यात घंटी वाजली म्हणून ती चष्मा पुसत जिन्यापर्यंत आली, तर खाली दूधवाला. पुढे पुढे खालचे माग थांबले की ती उगाच कान द्यायची. धागा तुटलेला असायचा, तो जोडून माग पुन्हा सुरू व्हायचे. नागम्माने एकदा मोडक्या मराठीत विचारलं, मिलवाल्यांनी काढून टाकलं काय? नाही, महादेवी म्हणाली, मशीन आता शहाणं झालंय. नागम्माला ते पटल्यासारखं दिसलं नाही.

मिलमध्ये दिवसाही तसंच. बाळासोचं काम बाळासोच्या टेबलावर व्हायचं, स्टोअरचं स्टोअरमध्ये. तिच्या खोलीत यायचं कुणाला कारण उरलं नव्हतं. दाराबाहेर माणूस कशाला बसवायचा म्हणून कल्लप्पाला फाटकावर दिलं. सकाळी आत जाताना तो सलाम करायचा, संध्याकाळी बाहेर पडताना करायचा. भोवती कामगारांची रीघ असायची, त्यात बोलणं कसलं? वार्षिक बैठकीत वीरभद्रप्पासाहेबांनी तिला उभं केलं आणि मोठ्या कौतुकाने म्हणाले की आता बाई नसल्या तरी चालतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीही हसली, आणि बसताना तिला खुर्ची नीट सापडली नाही.

रजा मिळाली तशी ती भावाकडे जाऊन आली. घर नवं होतं, फरशी गुळगुळीत होती. भावजयीने पाहुण्यांच्या ताटात जेवायला वाढलं. भावाने पिकाचं सांगितलं, तिने मिलचं सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात कुणीतरी त्याला हाक मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी भावजयीने विचारलं, वन्सं, परतीची एस्टी दुपारची का संध्याकाळची? महादेवीने मनात चार दिवसांचं ठरवलं होतं. ती म्हणाली, दुपारची.

त्यानंतरच्या एका दुपारी ती खोलीत मुख्य नंबरावर बसलेली असताना तिच्या मनात एक गोष्ट आली. हजेरीच्या प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली, नुसती एक, तर पाळी सुटताना तो अडेल. नुकसान कुणाचंच होणार नाही. बाळासो फोन करेल, कुणीतरी फाटकावर सांगेल, आणि संध्याकाळी साखर पेठेत घंटी वाजेल. ती ओळ तिला तोंडपाठ होती. बोटं की-बोर्डवर ठेवून ती बराच वेळ बसली. या यंत्रात आता असं एकच माणूस उरलं होतं ज्याला विचारणारं, अडवणारं कुणी नव्हतं, आणि ते माणूस ती स्वतः होती. मग तिला बाळासोचा त्या दुपारचा चेहरा आठवला. तिने हात उचलून मांडीवर घेतले, मुख्य नंबर बंद केला आणि चपला घालून बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली.

त्याच रविवारी ती सकाळच्या पॅसेंजरने होटगीला गेली.

स्टेशनवर हमालाला कल्लप्पाचं घर विचारलं, त्याने बोटाने दाखवलं. दारातल्या लिंबाखाली कल्लप्पा बंडी घालून म्हशीपुढे वैरण टाकत होता. तिला बघताच तो आत पळाला आणि खाकी सदरा चढवत, बटणं लावत बाहेर आला.

"मशीन बंद पडलं का, बाई?"

"नाही. मशीन बरं आहे."

"मग सायबांनी धाडलं?"

"कुणी नाही धाडलं. मी सहज आले."

सहज या शब्दाचं काय करावं ते त्याला कळेना. त्याने शेजाऱ्याकडून लोखंडी खुर्ची मागून आणली, पंच्याने झटकली आणि लिंबाच्या सावलीत मांडली. ती बसली. तो उभा राहिला. तिने बसायला सांगितलं तर म्हणाला, असू द्या, बाई. टांग्याशेजारून ज्याच्या तोंडाला खळ नसायची तो इथे स्वतःच्या अंगणात मुका झाला होता. शिवबाई दारातून वाकून गेली, आत भांडी वाजली, आणि थोड्या वेळाने खुर्चीपुढे पाट ठेवून त्यावर ताट आलं. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी, वर लोण्याचा गोळा. ताट एकच. तुम्ही जेवा, आमी मागनं जेवतो, कल्लप्पा म्हणाला. चटणी झणझणीत आणि फार चांगली होती. अंगणाच्या मध्यावर खुर्चीत बसून महादेवीने सगळं संपवलं. दोन्हीकडच्या दारांतून शेजारणी बघत होत्या.

हात धुतल्यावर ती खुर्चीकडे गेली नाही. उंबरा ओलांडून सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि चुलीजवळ भुईवर बसली. शिवबाई गडबडली, लुगड्याच्या पदराने जमीन पुसायला लागली. कानडीत म्हणाली, तुमचं पातळ काळं होईल. होऊ दे, महादेवीही कानडीत म्हणाली. जाळ धुमसत होता. शिवबाईने तिच्याकडे न बघता लसणाची सुपली थोडी तिच्या बाजूला सरकवली, आणि दोघी लसूण सोलत बसल्या. गुडघ्यांना काय लावता, महादेवीने विचारलं. माझे गुडघे तुम्हाला कुणी सांगितले, असं म्हणून शिवबाईने पहिल्यांदा मान वर केली.

परतीच्या गाडीची वेळ झाली तरी कल्लप्पा म्हशीपासून हलायला तयार नव्हता. दिवस भरलेली म्हैस सकाळपासून एका जागी ठरत नव्हती. म्हणून स्टेशनपर्यंत पोचवायला शिवबाई आली, गुडघा धरत, सावकाश. वाटेत तिने विचारलं, तुमी तितं करता तरी काय? आमचं माणूस म्हणतं, बाई मशीनसंगं बोलते.

इतक्या दिवसांत हे असं कुणीच विचारलं नव्हतं. महादेवीने सांगायला घेतलं. एक कारभारी असतो, त्याच्याकडे प्रत्येकाचा नंबर असतो, मोठ्या कामापुरता लहान माणसाला मोठा अधिकार द्यायचा असतो, आणि काम झालं की तो न विसरता उतरवून घ्यायचा असतो. देणं सोपं, उतरवणं अवघड, ती म्हणाली. रेल्वेचं फाटक येईपर्यंत ती बोलत राहिली. शिवबाईने मध्ये कुठे तोडलं नाही. ते संपल्यावर तिने विचारलं, "आणि सैपाक कोण करतं तुमचा?"

"मीच."

"एकटीचा सैपाक लई कंटाळ्याचा," शिवबाई म्हणाली. पुढच्या खेपेला आधी कळवून या, गव्हाची गोड हुग्गी करते, असंही म्हणाली. गाडी आली. डब्यात गर्दी होती, महादेवीला दारापाशीच उभं राहायला जागा मिळाली. सोलापूरच्या गिरण्यांची धुराडी दिसायला लागेपर्यंत ती तशीच उभी होती. हातांना लसणाचा वास येत होता. खोलीवर जाऊन कुलूप काढलं, दिवा लावला, आणि खाली माग बंद असल्यामुळे फार शांत वाटलं. आता कुणी येणार नाही हे तिला माहीत होतं. तिने एकटीपुरता भात टाकला.

सोमवारी फाटकावर कल्लप्पाने नेहमीसारखा सलाम केला, मागच्या-पुढच्या लोकांमुळे जरा जास्तच ताठ. ती पुढे निघाली तेव्हा दोन पावलं बरोबर येऊन हळूच म्हणाला, "म्हैस व्याली, बाई. पारडी झाली."

ती खोलीत आली. गार हवेचं मशीन घरघरत होतं. डिस्क फिरत होत्या, सकाळची हजेरी आपली आपण चढून गेली होती, कुठे काही अडलेलं नव्हतं. थोडा वेळ ती तशीच बसली. मग टेबलावरचा फोन उचलून तिने टाईम ऑफिस मागितलं.

"बाळासो, कल्लप्पाची म्हैस व्याली."



"बरं, बाई," बाळासो म्हणाला. "मशीनचं काय सांगायचं हाय का?"

"नाही. मशीनचं काही नाही."

टाईम ऑफिसातला टेलिप्रिंटर खडखडत होता, तो फोनमधून ऐकू येत होता. मग बाळासोने खुर्ची ओढल्याचा आवाज झाला.

"पारडी का रेडा?" त्याने विचारलं.

"पारडी," महादेवी म्हणाली.